सहा इंची दात आणि सोयाबीनचे पैसे

ताई,
मी वरोरा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २४. तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात कामाला आहे, घरी कोरडवाहू शेती. माझा मामेभाऊ मालवाहू जहाजावर नोकरी करतो. त्यानं मोरोक्कोहून शार्कचा दगड झालेला दात आणून दिला आणि तेव्हापासून मला हा नाद लागला. आता मोरोक्को, अमेरिका, इंडोनेशिया असे देशोदेशीचे अठरा दात जमलेत. काही भावानं आणले, काही मी ऑनलाइन घेतले. सध्या एक विक्रेता मेगालोडॉनचा, म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अजस्र शार्कचा, सहा इंची दात ३८ हजारांना देतो म्हणतोय. पेरू देशातला आहे, एकदम ओरिजिनल आहे, असं सांगतो. सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यात आलेत. बाबा म्हणतात, "मेलेल्या माशाच्या दाताले एवढे पैसे? सोसायटीचं कर्ज का तो मासा फेडनार हाय?" आईला घरात हाडं-दात ठेवणंच पटत नाही. त्यात माझ्यासाठी मुली पाहणं सुरू आहे. हा दात घ्यावा का? आणि आपल्या वर्धा नदीच्या पात्रात असे दात सापडतील का?
— शार्कवाला, ता. वरोरा

अरे शार्कवाल्या,

घेऊ नको. आधी हेच सांगते, कारण तुझा विक्रेता "आजच टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणणाऱ्यांतला दिसतो आणि माझं उत्तर लांबणार आहे.

त्यानं पेरूचं नाव घेतलं, तिथंच तो अडकला. पेरूमध्ये जीवाश्म हा देशाचा वारसा मानला जातो. २००४ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे आणि सरकारी परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाहीत. चिलीतही असाच बंदोबस्त आहे. म्हणजे हा दात एक तर पेरूचा नाही, नाही तर चोरून आलेला आहे. तिसरी शक्यता विक्रेते नेहमी सांगतात, की कायदा कडक होण्याआधी बाहेर आलेला जुना माल आहे. असेलही. मग त्याचे कागद असतात. कागद माग आणि काय उत्तर येतं ते बघ.

आता सहा इंच. मेगालोडॉनचे सापडलेले सगळ्यात मोठे दात सात इंचांच्या थोडेसेच पुढे जातात. सहा इंचांच्या पुढचा, टोक शाबूत, कडा शाबूत, मूळ शाबूत असा दात फार क्वचित मिळतो. तीन इंचांचे तुटके-फुटके मात्र पोत्यानं मिळतात. जिथं एका इंचानं किंमत कुठल्या कुठं जाते, तिथं तो इंच बनवणारे कारागीरही तयार होतात. तुटलेलं मूळ राळ आणि दगडाच्या भुकटीनं भरून काढायचं, टोकाला दुसऱ्याच दाताचं टोक चिकटवायचं, वरून रंग. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत हे ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं.

तिसरं कारण तुझ्या बाबांनी दिलंच आहे. ते पैसे एकट्या तुझे नाहीत. त्यात आईचं निंदण आहे, बाबांची फवारणी आहे, सोसायटीचा हप्ता आहे. तुझ्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम बाजूला काढ, तिच्याबद्दल घरात कुणी विचारणार नाही. वावराच्या पैशाला हात लावू नको. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

आईचं मात्र मला मनापासून उत्तर द्यावंसं वाटतं. "घरात हाडकं नोको" म्हणणारी बाई चुकत नसते, तिच्या मनात मेलेलं जनावर असतं. पण तुझ्या डब्यातले बहुतेक दात मेलेल्या शार्कचे नसणार. शार्कच्या अंगात हाडच नसतं, सांगाडा सगळा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतो तशा लवचिक पदार्थाचा. तो मेल्यावर कुजून जातो, म्हणून शार्कचे अख्खे सांगाडे क्वचित सापडतात. दात मात्र एकामागे एक रांगांनी येत राहतात. पुढचा झिजला, शिकारीत अडकून निखळला, की मागचा पुढं सरकतो. एक शार्क जन्मभरात असे हजारो दात गाळतो. जिवंतपणी, पोहता पोहता. ते समुद्राच्या तळाशी गाळात रुततात आणि आतल्या पोकळ जागा हळूहळू खनिजांनी भरत जातात. म्हणून तर दात एवढे मिळतात. आईला सांग, हे गळालेले दात आहेत, प्रेताचे नाहीत. तरी तिला नको असतील, तर डबा देवघराच्या खोलीत ठेवू नको, तुझ्या कपाटात ठेव. तेवढं तिचं ऐकलंस तर काही बिघडत नाही.

आणि हा वहिमाचा प्रश्न काही फक्त आपल्याकडचा नाही. युरोपात शेकडो वर्षं लोक हेच दात दगड झालेल्या सापाच्या जिभा समजून गळ्यात घालत, विषावर उतारा म्हणून. माल्टा बेटावरचे तर फार नावाजलेले. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक अजस्र शार्क धरला. तिथल्या ग्रँड ड्यूकनं त्याचं डोकं फ्लॉरेन्सला मागवून घेतलं आणि निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाला चिरफाड करायला दिलं. स्टेनोनं जबड्यातले दात पाहिले, ते "जिभांचे" दगड पाहिले आणि पुढच्या वर्षी लिहून टाकलं, की दोन्ही एकच आहेत. त्याच्याआधीही कुणी कुणी हे म्हटलं होतं, पण स्टेनो तिथं थांबला नाही. समुद्रातल्या जनावराचा दात डोंगराच्या खडकात गेला कसा, हे विचारत विचारत तो खडकांच्या थरांपर्यंत पोचला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा आज शाळेत शिकवतात तो नियम त्यानं १६६९ मध्ये मांडला. "समुद्र कुठं अन् आपन कुठं" असं तुझे बाबा कधी म्हणालेच, तर त्यांना सांग, हाच प्रश्न त्याचाही होता.

आता तुझ्या अठरा दातांकडे येऊ. तुझ्या अख्ख्या पत्रात तू देशांची नावं लिहिलीस, गावाचं एकही नाही. मोरोक्कोत कुठं? अमेरिकेत कुठल्या राज्यात, कुठल्या नदीत? तू कृषी केंद्रात बसतोस. लॉट नंबर नसलेली, टॅग फाटलेली बियाण्याची पिशवी कुणी आणून दिली तर तू ती विकायला ठेवशील का? आतलं बी चांगलं असेलही, पण ते कुठलं, कधीचं, कुणी पॅक केलं हे कळायला मार्ग नाही. ठिकाण न लिहिलेल्या दाताचंही तेच. दिसायला सुंदर, पण संशोधकाच्या कामाचा नाही आणि दुसऱ्या संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत निम्म्यावर. आकाराच्या मागे लागणं सोड, पत्त्याच्या मागे लाग. मला तुला एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आज रात्रीच एक वही घे. प्रत्येक दाताला क्रमांक दे. मुळाच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा बारीक ठिपका दे, तो वाळला की त्यावर बारीक टोकाच्या काळ्या पेननं क्रमांक लिही आणि वरून पुन्हा एक हात. मुकुटावर, म्हणजे चकचकीत भागावर, काही लिहू नको. वहीत देश, ठिकाण, थराचं नाव माहीत असेल तर ते, कुणाकडून आला, कधी, किती रुपयांना. मामेभावाला फोन करून विचार, त्यानं कुठल्या बंदरावर, कुणाकडून घेतला. विकणाऱ्यानं काय सांगितलं तेही लिही, "विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार" असं जोडून. जे कळणारच नाही तिथं "ठिकाण माहीत नाही" लिहायचं. रंगावरून अंदाज ठोकायचा नाही. काळा दात म्हणजे जास्त जुना, हा समज तर सर्रास ऐकू येतो. रंग वयानं येत नाही, तो ज्या गाळात दात पडून राहिला तिथल्या खनिजांनी येतो. मोरोक्कोच्या फॉस्फेटमधले दात मधाच्या, फिकट पिवळ्या रंगाचे निघतात, तर अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पीस नदीतले राखाडी-काळे, आणि ते वयानं कितीतरी लहान असतात.

भावानं दिलेला तो पहिला दात हातात घे. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळतं, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे असतं तसं, ते आण. दात मोरोक्कोचा असेल तर बहुधा खुरिब्गाच्या फॉस्फेट खाणींच्या भागातला, ओटोडस ऑब्लिकस नावाच्या शार्कचा असणार, साधारण पाच-सहा कोटी वर्षांचा. त्याच्या कडा सुरीसारख्या सरळ असतात, करवतीचे दाते नसतात, आणि मुख्य टोकाच्या दोन्ही बाजूंना एक-एक छोटं टोक असतं. मुकुट आणि मूळ जिथं भेटतात ती रेघ भिंगातून नीट बघ. खऱ्या दातात तिथला पृष्ठभाग हळूहळू बदलतो. चिकटवलेल्यात एक एकसारखी, भरल्यासारखी दिसणारी पट्टी लागते, त्यात वाळूचे कण आणि कधी कधी हवेचे बारीक बुडबुडे. मुळावर वाळू-डिंकाचा लेप असेल तर नखाच्या टोकानं त्याचा कण निघतो. अतिनील टॉर्च आपल्याकडे नोटा तपासायला दुकानात असतो, तो अंधारात मार. बऱ्याच राळा आणि गोंद त्याखाली दातापेक्षा वेगळ्या उजळतात. कापसावर थोडं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मुळाच्या कोपऱ्यात घासून बघ, रंग सुटला तर समजून जा. मोरोक्कोच्या स्वस्त दातांत अशी जोडाजोड पुष्कळ असते. निघाली तर भावावर चिडू नको, तो जहाजावरचा माणूस, त्याला काय कळणार. वहीत "जोडलेला" असं लिही आणि ठेव. नकली कसा दिसतो ते ओळखायला घरात एक असलेला बरा.

इतकं झालं, की मग पुढं काय जमवायचं. तुझ्या जागी मी असते तर एक वंशावळ जमवली असती. ऑब्लिकस हा मेगालोडॉनच्या घराण्यातला पूर्वज मानला जातो. सरळ कडेच्या ऑब्लिकसनंतर ऑरिक्युलॅटस येतो, त्याच्या कडेला ओबडधोबड दाते फुटलेले आणि बाजूची टोकं ठसठशीत. मग अँगस्टिडेन्स, दाते जास्त नियमित. त्यानंतर चुबुटेन्सिस, त्याची बाजूची टोकं मुख्य दातात विरघळत चाललेली. आणि शेवटी मेगालोडॉन, कडेला बारीक करवत, बाजूची टोकं नाहीशी. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीपासून ३६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो समुद्रात होता. असे पाच दात एका ओळीत मांडले, की करवत कशी तयार झाली ते शाळेतल्या पोरालाही डोळ्यांनी दिसतं. त्यातला मेगालोडॉन सहा इंची कशाला हवा? दोन इंचांचा, एक कोपरा तुटलेला, पण ठिकाण लिहिलेला चालतो. उलट तुटलेला दात बहुतेक खरा असतो, त्याला नकली बनवण्यात कुणाचा फायदा नाही.

घेताना असा देश बघ, जिथं दात उचलणं कायदेशीर आहे. फ्लोरिडात इतर पृष्ठवंशी जीवाश्मांना परवाना लागतो, पण शार्कचे दात त्यातून वगळलेत. तिथल्या व्हेनिसच्या किनाऱ्यावर लोक चाळण्या घेऊन फिरतात. मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट कड्यांखाली आणि इंग्लंडमध्ये शेपी बेटाच्या किनाऱ्यावरही हौशी लोक लाटांनी बाहेर काढलेले दात वेचतात. अशा हौशी माणसांकडून घेतलेल्या दाताबरोबर ठिकाण आपसूक येतं. परदेशातून पार्सल येताना टपालखर्चाशिवाय कस्टमची ड्युटीही लागू शकते, ती हिशेबात धर. आणि आजच्या शार्कचे दात, जबडे वगैरे कुणी देऊ लागलं तर घेऊ नको. ग्रेट व्हाइटसारख्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आहेत, आणि ते दात बहुतेकदा खरोखरच मारलेल्या जनावराचे असतात. तिथं तुझ्या आईचं बरोबर आहे.

राहिला वर्धा नदीचा प्रश्न. याचं उत्तर मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

नाही सापडणार. पण का नाही, ते ऐक. आपल्याकडे समुद्र नव्हता असं नाही. कोरपना, गडचांदूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, ती पैनगंगा समूहाची चुनखडी समुद्रातच साचलेली आहे. पण तो समुद्र शार्क जन्माला यायच्या कितीतरी कोटी वर्षं आधीचा. समुद्र होता, शार्क नव्हता. माजरी-वणीचा कोळसा दलदलीतल्या झाडांचा. त्यानंतरचा थर डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, नद्या आणि तळ्यांतला, म्हणजे शार्क होता तर समुद्र नव्हता. सगळ्यात वर लाव्हा, आपला काळा खडक, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा. गंमत म्हणजे तुझ्या धुऱ्यावरचा तो काळा दगड तुझ्या मोरोक्कोच्या दातापेक्षा वयानं मोठा आहे.

आणि तो मधला, नद्या-तळ्यांचा थर तुझ्याच तालुक्यात उघडा पडलाय. पिसदुरा तुझ्यापासून किती लांब असेल? एकोणिसाव्या शतकात नागपूरला राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं तिथं कॉलेज आहे, त्यांनी पिसदुऱ्याचे अवशेष गोळा केले होते. पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडं मिळतातच, पण जगभरच्या संशोधकांना ते गाव ठाऊक आहे ते दगड झालेल्या शेणामुळं. त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळी गवत होतं, याचा पुरावा वरोरा तालुक्यातून गेला! शेजारच्या डोंगरगावला मिळालेल्या लांब मानेच्या डायनासोराचं १९९७ मध्ये शास्त्रीय वर्णन झालं, पुढं त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं. तू पेरूच्या दातासाठी जीव टाकतोयस आणि तिकडे परदेशात कुणी तरी पिसदुऱ्याचा तुकडा मिळावा म्हणून जीव टाकत असेल.

तो त्याला विकू नको. स्वतःच्या डब्यातही आणू नको. पेरूच्या माणसाला त्याच्या दाताबद्दल जे वाटतं, तेच तुला इथल्या दगडाबद्दल वाटायला हवं. वावरात नांगरताना, नाल्याच्या काठाला काही वेगळं दिसलं, तर शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढ, मोबाइलवर ठिकाण नोंदव, उकरू नको, आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळव. सुटीच्या दिवशी नागपूरला गेलास तर अजब बंगल्यातले, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती संग्रहालयातले, जीवाश्म बघून ये. शार्कच पाहायचे असतील तर ते भारतात इतरत्र आहेत. कच्छमध्ये, ओडिशाच्या बारिपदाजवळ, तमिळनाडूच्या अरियलूर भागात. जैसलमेरच्या ज्युरासिक खडकातून तर स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही नवी जात २०२१ मध्ये जाहीर झाली. त्याचे दात टोकदार नाहीत, शिंपल्यांची कवचं चिरडायला चपटे.

मुली पाहण्याचं म्हणशील, तर चहा-पोह्यांच्या वेळीच सांगून टाक. "मला दगड झालेले दात जमवायचा नाद आहे, महिन्याला इतके रुपये त्यावर जातात." लपवून ठेवलेला डबा लग्नानंतर सापडला, तर ते निस्तरणं ३८ हजारांपेक्षा महागात जाईल. आणि ती जर "दाखवा बरं" म्हणाली, तर तिला जोडलेला दात आधी दाखव आणि ओळखता येतो का ते विचार.

त्या विक्रेत्यानं पेरूचे कागद खरंच पाठवले, तर त्यांचा फोटो मला जरूर धाड. पैसे मात्र तरीही सोसायटीतच भर.